सबटायटल बिघडले? फाइल टाकून देण्याआधी लक्षण ओळखा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानी ॲनिमे मालिकांना हौशी मंडळींनी केलेली मराठी सबटायटल्स आता कोल्हापुरातल्या घरांतही बघितली जातात. त्यांच्याबद्दलची तक्रार मात्र ठरलेली आहे. लॅपटॉपवर नीट दिसणारी फाइल टीव्हीला लावली की मराठीच्या जागी चौकोन येतात, मोबाइलवर घेतली की अगम्य चिन्हे येतात, तिसरीकडे पात्र बोलण्याच्या आधीच ओळ झळकून जाते. बघणारा भाषांतराला नावे ठेवतो, करणारा ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ म्हणून हात झटकतो आणि चांगले काम वाया जाते. अशी सबटायटल्स करणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या आम्हा मंडळींचे म्हणणे असे की, शब्द बहुतेक वेळा शाबूत असतात. गडबड होते ती फाइल जतन करताना, तिला व्हिडिओसोबत बांधताना किंवा प्लेअर ती वाचत असताना. पडद्यावर नेमके काय दिसते, यावरून दोष कुठे आहे ते ओळखता येते.

सुरुवात अक्षरांपासून करू, कारण मराठीला सर्वांत जास्त त्रास तिथेच होतो. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसत असेल तर फाइल ठणठणीत आहे, फक्त प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही. प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये जाऊन निर्मला यूआय, मंगल, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी जो असेल तो निवडला की काम झाले. बाकी मजकूर नीट आणि फक्त ‘ॲ’ चौकोनी दिसत असेल तर फॉन्ट जुना आहे. हे अक्षर युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय तक्त्यात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही. ‘ॲनिमे’ हा शब्दच इथे चाचणीला पुरतो.

चौकोनांऐवजी रोमन चिन्हांची रांग दिसते, वर तिरकी रेघ असलेला ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो आणि मध्येच येन या जपानी चलनाचे चिन्ह दिसते, तेव्हा दोष एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीचा असतो. त्या येनचा जपानीशी काही संबंध नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. प्लेअरने फाइल विंडोज-१२५२ या जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजून वाचली की त्या तीन बाइटांची तीन वेगळी चिन्हे होतात. उपाय सेटिंगमध्ये आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, सबटायटल्स असे जाऊन डिफॉल्ट एन्कोडिंग ‘युनिव्हर्सल यूटीएफ-८’ करावे आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघडावा. एमएक्स प्लेअरमध्ये सेटिंग्जच्या सबटायटल विभागात कॅरेक्टर एन्कोडिंग असते, तिथेही हाच बदल करावा.

हा कचरा कुणी तसाच पुन्हा जतन केला असेल, तर मात्र प्लेअरचे सेटिंग बदलून काही होत नाही. अशी फाइल विंडोज-१२५२ म्हणून जतन करून यूटीएफ-८ म्हणून उघडली की मराठी परत येते, पण पूर्ण येईलच असे नाही. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि नेमक्या त्याच जागांवर पहिला उकार, हलन्त, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचे शेवटचे बाइट पडतात. बरेच प्रोग्रॅम ते बाइट टाकून देतात. म्हणून अशा दुरुस्तीनंतर ‘सुरू’मधला पहिला उकार गेलेला आणि सगळी जोडाक्षरे फुटलेली आढळतात. मूळ फाइल मिळत असेल तर या भानगडीत पडूच नये.

सलग प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मजकूर कायमचा गेला, तो कोणत्याही साधनाने परत येत नाही. जुन्या विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘आन्सी’ हा पर्याय राहिला की असे होते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये जतन करते. त्याआधीच्या संगणकावर ‘सेव्ह ॲज’ करताना खालची एन्कोडिंगची पट्टी दर वेळी बघावी.

आणखी एक प्रकार खास आपल्याकडचा. लग्नपत्रिका आणि अहवाल करणाऱ्या डीटीपी केंद्रांत श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत अजूनही टंकन होते. तिथे टाइप करून घेतलेले सबटायटल प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच असते, त्याला देवनागरी रूप फक्त तो फॉन्ट देतो. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसतो, त्यामुळे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. इथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत, कारण रूपांतरक चुकतात ते याच ठिकाणी.

पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलेली, हलन्त उघडे पडलेले, मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ, असे सगळीकडे दिसले तर प्लेअरला देवनागरी जुळवताच येत नाही असे समजावे. टीव्हीमधल्या अंगच्या प्लेअरांत हे नेहमीचे आहे. एखाद्याच शब्दात वर्तुळ दिसले तर टंकनाची चूक असते, मात्रा दोनदा पडलेली किंवा अक्षराआधी आलेली. अदृश्य चिन्हे काढून टाकणारी ‘सफाई’ साधने मराठीवर चालवू नयेत. काही कीबोर्डांवर दऱ्या, वाऱ्यावर अशा शब्दांतला अर्धा र अदृश्य जोडणाऱ्या चिन्हाने बनतो. ते चिन्ह गेले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातल्या प्रसंगात समुद्र येतो.

आता वेळेबद्दल. ओळ पुढेमागे होत असेल तर ती तीनपैकी कोणत्या प्रकाराने होते ते आधी बघावे. पहिल्या मिनिटाला दोन सेकंद पुढे आणि शेवटच्या मिनिटालाही दोनच सेकंद पुढे, हा साधा सरकाव. व्हीएलसीमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळा दर दाबाला ५० मिलिसेकंद आधी-नंतर करतात, पण तो बदल फाइलीत जतन होत नाही. कायमचा बदल सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘ॲडजस्ट ऑल टाइम्स’ने किंवा एजीसब या अशाच प्रोग्रॅममध्ये ‘शिफ्ट टाइम्स’ने करावा.

फरक हळूहळू वाढत जात असेल तर तो फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात त्याचा. ॲनिमे बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर असते. सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीवर बेतलेले असेल तर दहाव्या मिनिटाला ते सुमारे २५ सेकंद आधी येते आणि २४ मिनिटांच्या भागाच्या शेवटी जवळजवळ ५९ सेकंद. फरक २४ आणि २३.९७६ मधला असेल तर शेवटी जेमतेम दीड सेकंद भरतो. तो सुरुवातीला कळत नाही, भाग संपत आला की खटकतो. सबटायटल एडिटमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ला दोन्ही आकडे द्यावेत. आकडे माहीत नसतील तर ‘पॉइंट सिंक’ घ्यावे. सुरुवातीची एक आणि शेवटाकडची एक ओळ त्यांच्या खऱ्या वेळेवर टेकवली की मधल्या सगळ्या ओळी प्रमाणात बसतात. २९.९७ हा आकडा दिसला म्हणून घाईने फ्रेम रेट बदलू नये. टीव्हीसाठी २३.९७६ वरून २९.९७ केलेल्या प्रतीची एकूण लांबी तेवढीच राहते, तिथे सबटायटल सरकायचे कारण नसते.

तिसरा प्रकार उडीचा. अर्धा भाग बिनचूक, मग एकदम काही सेकंदांचा फरक, आणि पुढे तो तेवढाच राहतो. टीव्हीवरच्या प्रतीत मध्यंतराची चित्रचौकट किंवा प्रायोजकांची पाटी असते, डिस्कवरच्या प्रतीत ती नसते किंवा कमी-जास्त लांबीची असते. उडीनंतरची पहिली ओळ निवडावी आणि ‘निवडलेली व पुढच्या सर्व ओळी’ एवढ्याच सरकवाव्यात. फरक बरोबर दीड मिनिटाचा असेल तर सुरुवातीच्या गाण्याकडे बघावे. ही गाणी साधारण ९० सेकंदांची असतात आणि एमकेव्ही प्रकारच्या काही व्हिडिओ फाइलींत गाणे वेगळ्या फाइलीत ठेवून ऐनवेळी जोडलेले असते. ही जोडणी ज्या प्लेअरला कळत नाही तो गाणे गाळून पुढे जातो आणि बाहेरून लावलेले सबटायटल तेवढेच चुकते. एमपीव्ही प्लेअरला ती कळते.

ॲनिमेची बरीचशी हौशी सबटायटल्स एएसएस प्रकारात असतात, कारण त्यात पाटीवरचा मजकूर पाटीवरच ठेवता येतो, गाण्याला वेगळा रंग देता येतो. एसआरटी या साध्या प्रकारात हे जवळजवळ नाहीच. एएसएसमधल्या संवादाच्या प्रत्येक ओळीत दहा रकाने आणि त्यांच्यामध्ये नऊ स्वल्पविराम असतात: थर, सुरुवात, शेवट, शैली, पात्र, तीन समास, परिणाम आणि शेवटी मजकूर. भाषांतर करायचे ते फक्त नवव्या स्वल्पविरामानंतरचे, आणि त्यातलेही महिरपी कंसाबाहेरचे. अख्खी फाइल यंत्रभाषांतरात टाकली की हेच मोडते. कंसातल्या आज्ञांचे भाषांतर होते, उलट्या तिरक्या रेघेनंतर जागा पडते, ओळ तोडणारा मोठा ‘एन’ छोटा होतो. सर्वांत वाईट म्हणजे वेळेचे आकडे देवनागरी होतात. ‘००:०१:२३’ असे मराठी आकड्यांत लिहिलेली वेळ प्लेअरला वाचताच येत नाही. तिथे इंग्रजी आकडेच हवेत. एसआरटीत दोन वेळांमधला बाण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि एक ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह. वर्डमध्ये टंकन केले की ऑटोकरेक्ट त्याचा एकसंध बाण करून ठेवतो आणि ती ओळ नाहीशी होते. सबटायटल फाइल वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडू नये.

अक्षरे एकाएकी अवाढव्य होऊन पडदाभर पसरली तर फाइलीच्या सुरुवातीचा प्ले-रेस एक्स आणि वाय हा भाग बघावा. सबटायटल कोणत्या आकाराच्या पडद्यासाठी मांडले ते हे दोन आकडे सांगतात. ते पुसले गेले तर प्लेअर ३८४ बाय २८८ धरून चालतो. १९२० बाय १०८० साठी ठेवलेले ६० मापाचे अक्षर मूळच्या मांडणीत उंचीच्या साडेपाच टक्के होते. ते आता वीस टक्क्यांच्या पुढे जाते आणि पाट्यांवरचा मजकूर पडद्याबाहेर फेकला जातो. आकडे परत लिहिले की सगळे जागेवर येते. मांडणी खरोखरच दुसऱ्या मापात न्यायची असेल तर नुसते आकडे बदलू नयेत, एजीसबमधले ‘रिसॅम्पल रिझोल्यूशन’ वापरावे. रंग उलटे दिसण्याचे कारणही साधे आहे. एएसएसमध्ये रंगाचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. वेबपानावरून उचललेला लाल रंग इथे निळा होतो.

फॉन्ट सोबत पाठवणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. एमकेव्हीटूलनिक्स या एमकेव्ही फाइल बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ आणि एएसएस फाइल ओढून टाकावी, सबटायटल ट्रॅकची भाषा मराठी आणि ‘डिफॉल्ट’ हो करावे, ‘अटॅचमेंट्स’मध्ये फॉन्टची टीटीएफ फाइल जोडावी आणि मल्टिप्लेक्सिंग (सगळे एका फाइलीत बांधणे) सुरू करावे. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि वेळही फार लागत नाही. शैलीत लिहायचे ते फॉन्टचे आतले कुटुंबनाव, फाइलीचे नाव नव्हे. फॉन्ट जोडूनही जुना प्लेअर तो उचलत नसेल तर एमकेव्हीटूलनिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये फॉन्टसाठी जुने माइम प्रकार (फाइलीची जात सांगणारी नावे) वापरण्याचा पर्याय चालू करून फाइल पुन्हा बांधावी. एमकेव्हीचे एमपी-४ करून देऊ नये. एमपी-४ मध्ये साधा मजकूर तेवढा जातो. शैली, जागा, फॉन्ट सगळे गळते.

टीव्हीसाठी आमचा पहिला सल्ला असा की, अँड्रॉइड टीव्ही असेल तर अंगचा प्लेअर सोडून व्हीएलसी टाकावे. ते शक्य नसेल तर एसआरटी फाइल व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, अगदी त्याच नावाने, रोमन अक्षरांत ठेवून बघावी. काही टीव्हींना यूटीएफ-८ ओळखायला फाइलीच्या सुरुवातीला बीओएम ही खूण लागते. उलट काही जुन्या प्लेअरांत त्याच खुणेमुळे पहिली ओळ गायब होते. दोन्ही करून बघावे. एवढे करूनही वेलांट्या भरकटत असतील तर मजकूर चित्रात भाजून घेण्यावाचून उपाय नाही. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये सबटायटल्सच्या टॅबवर एएसएस फाइल आयात करून ‘बर्न इन’वर खूण करावी, एच.२६४ आणि दर्जा आरएफ २० ते २२ ठेवावा. तो फॉन्ट त्या संगणकावर आधी बसवलेला हवा, नाहीतर दुसऱ्याच फॉन्टात अक्षरे भाजली जातात आणि मग ती काढता येत नाहीत. पूर्ण भाग लावण्याआधी दोन मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर बघावा. मूळ एमकेव्ही जपून ठेवावी. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत बसवावी लागते.

मराठी अक्षराला वरखाली मात्रा असतात, म्हणून इंग्रजीचे माप जसेच्या तसे घेऊ नये. १०८० च्या पडद्यावर ६५ ते ७५ माप, ३ ची काळी किनार आणि तळाला ५० ते ६० ची मोकळी जागा आम्हाला बरी वाटते. किनार जाड केली की ‘ध’ आणि ‘घ’ यांची पोटे बुजतात; जागा कमी ठेवली की टीव्हीच्या कडेला दुसरा उकार कापला जातो. एका वेळी दोनच ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळ साधारण चाळीस अक्षरांच्या आत बसावी. वाचनाचा वेग दाखवणारी साधने मात्रा आणि हलन्त वेगळे मोजत असतील तर मराठी ओळ उगाच ‘फार वेगवान’ ठरते, म्हणून त्या आकड्याबरोबर स्वतःही वाचून बघावे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे सुरुवातीचे चित्रपट मूकपट होते आणि पडद्यावरची पाटी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाचता यावी लागे. सबटायटल करणाऱ्यानेही तीच कसोटी लावावी असे आम्हाला मनापासून वाटते.

कायद्याचे एक सांगणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडे असतो. मालिका अधिकृत मंचावर किंवा विकतच्या डिस्कवर बघावी, आणि हौशी सबटायटल्सचा धंदा तर कुणीच करू नये. अधिकृत मराठी सबटायटल्स निघावीत ही आमचीही इच्छा आहे, आणि वर लिहिलेल्या चुका तिथेही होऊ शकतात.

शिवाजी विद्यापीठातल्या मराठी आणि संगणकशास्त्र विभागांनी मिळून मराठी सबटायटलिंगची एखादी कार्यशाळा घ्यावी, आणि शहरातल्या डीटीपी चालकांनी निदान सबटायटलचे काम युनिकोडमध्येच करून द्यावे, ही विनंती. बघणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. ‘चालत नाही’ एवढेच कळवू नका. यंत्र कोणते, प्लेअर आणि त्याची आवृत्ती कोणती, बिघाड कितव्या मिनिटाला दिसतो हे लिहा आणि पडद्याचा एक फोटो जोडा. चौकोन, प्रश्नचिन्ह की येनचे चिन्ह, एवढे फोटोत दिसले तरी दुरुस्ती कुठून सुरू करायची ते करणाऱ्याला लगेच कळते.

आपले,
मराठी सबटायटल्स करणारी काही मंडळी,
राजारामपुरी, कोल्हापूर